एकदाच खेळायचा विश्वचषक

अखिलेश पॉलची गोष्ट सांगा म्हटलं की बी.पी.एड.ची, म्हणजे क्रीडाशिक्षक व्हायला निघालेली, पोरं ती तीन वाक्यांत उरकतात. नागपूरच्या वस्तीतला मुलगा, वाईट संगतीला लागलेला. हाती फुटबॉल आला. २०१० मध्ये रिओ दि जानेरोत बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. संपलं.

आमच्या शाळेत दरवर्षी सरावपाठासाठी विद्यार्थी-शिक्षक येतात. मी शाळेचा पी.टी.चा सर, त्यामुळे त्यांना सांभाळायचं काम माझ्याकडे. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्यापुढे हे प्रकरण ठेवतो आणि तिसऱ्या वाक्यानंतर विचारतो, ‘‘अन् मग? रिओहून परत आल्यावर सोमवारी सकाळी तो कुठे गेला?’’ वर्ग गप्प होतो. पडद्यावर असल्या गोष्टी विमान उडालं की संपतात, म्हणून पुढचा विचार कुणी केलेलाच नसतो. मला मात्र हे प्रकरण विमान परत उतरतं तिथून सुरू होतं असं वाटतं. का ते सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

बादली

विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. पाऊस आला म्हणून एकदा ते झाडाखाली थांबले, तर समोर वस्तीतली पोरं एका तुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती. बारसे सरांनी त्यांना बॉल दिला. नागपुरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की बादली आता जवळजवळ देवघरात जाऊन बसली आहे. मला त्यातली वेगळीच बाब महत्त्वाची वाटते. पावसात चिखलात खेळणारी पोरं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. आपण ‘घरी जा बे, आजारी पडसान’ म्हणून पुढे निघतो. सर थांबले. आणि त्यांच्या लक्षात आलं ते एवढंच, की जितका वेळ ही पोरं खेळतात तितका वेळ ती दुसरं काही करत नाहीत. पुढची सगळी इमारत या साध्या निरीक्षणावर उभी आहे.

२००१ मध्ये त्यांनी वस्त्यांमधल्या संघांची स्पर्धा सुरू केली. नाव ठेवलं ‘झोपडपट्टी फुटबॉल’. हे नाव कानाला टोचतं. आमच्या शाळेतली पोरं ‘बस्ती’ म्हणतात, झोपडपट्टी हा शब्द बाहेरच्यांचा. तरी सरांनी तो बदलला नाही, आणि पुढे इंग्रजीत ‘स्लम सॉकर’ करतानाही तोच अर्थ ठेवला. मला हे कधी पटतं, कधी नाही.

नागपुरात फुटबॉल नव्हता अशातला भाग नाही. बाहेरच्यांना नागपूर म्हणजे जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम वाटतं, पण कामठीत जाऊन पाहा. तिथे आजोबा, बाप, नातू एकाच क्लबचे निघतील. रब्बानी, राहुल, यंग मुस्लिम ही क्लबांची नावं इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग आहे, तिच्यात पायऱ्या आहेत, क्लबांचे आपापसातले रुसवेफुगवे आहेत. पण त्या शिडीची पहिली पायरी चढायला बूट लागतात आणि क्लबात घेऊन जाणारा कुणी मोठा भाऊ किंवा काका लागतो. बादलीला लाथा मारणाऱ्या पोरांकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

बावीस बाय सोळा

योगायोग असा की त्याच २००१ मध्ये केप टाऊनला, रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांच्या एका परिषदेत, मेल यंग आणि हॅराल्ड श्मीड या दोघांनी बेघरांच्या विश्वचषकाची कल्पना काढली. पहिली स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला झाली, १८ देशांची. होमलेस वर्ल्ड कप तो हाच. पुढे भारताचा संघ उभा राहिला तो नागपूरच्या या कामातून.

‘बेघर’ या शब्दावर वर्गात दरवेळी वाद होतो. पत्र्याचं का होईना, घर आहे, आई-बाप आहेत, मग मुलगा बेघर काहून? एका वर्षी एक विद्यार्थी जरा चिडलाच होता. तो स्वतः तसल्याच वस्तीतला निघाला. त्याचं म्हणणं मी खोडून काढलं नाही. आपल्याकडे बेघर म्हटलं की माणूस बेवारस वाटतो, आणि वस्तीला ते झोंबणारच.

खेळाचे नियम मात्र मुळातून पाहण्यासारखे आहेत. मैदान २२ मीटर लांब, १६ मीटर रुंद, चारही बाजूंना कठडा. एका वेळी एका संघाचे चारच खेळाडू आत, तिघं मैदानात आणि एक गोली. सात-सात मिनिटांचे दोन डाव. गोल चार मीटर रुंद, पण उंचीला जेमतेम १.३ मीटर, म्हणजे आमच्या सहावीच्या मुलाच्या खांद्याला लागेल एवढा. गोलीने आपल्या अर्धवर्तुळाबाहेर पडायचं नाही, बाकीच्यांनी त्यात शिरायचं नाही. आणि सगळ्यात खुबीदार नियम हा की बचाव करतानासुद्धा तुमचा एक खेळाडू समोरच्या अर्ध्या भागात ठेवायचाच.

मी हे फळ्यावर खडूने काढून दाखवतो. बचावाला दोघं, चढाई करणारे तिघं. म्हणजे चेंडू ज्याच्याकडे, त्याचा एक मित्र कायम मोकळा. त्यामुळे धडाधड गोल होतात. काल पहिल्यांदा आलेलं पोरगंसुद्धा आज गोल मारू शकतं आणि उद्या परत येतं. मोठ्या मैदानावर नवख्या पोराला आपण कडेला विंगवर उभं करतो; तिथे बिचारा हात कमरेवर ठेवून अर्धा तास बॉलची वाट पाहतो. गोल बुटका असल्यामुळे उंच फटका वाया जातो, म्हणून चेंडू जमिनीवरून फिरतो. उंचपुरा, खाऊनपिऊन वाढलेला मुलगा आणि काडी पोरगा यांच्यातलं अंतर तिथे बरंच मिटतं.

जागेचा हिशोबही करायला लावतो. १०५ बाय ६८ मीटरचं पूर्ण मैदान म्हणजे ७१४० चौरस मीटर, आणि हे ३५२. एका मैदानात अशी वीस मैदानं बसतात. उत्तर नागपुरात नाल्याच्या काठाने चाललात तर ७१४० चौरस मीटर सापडणार नाही, पण ३५२ सापडतं. दोन बांधकामांच्या मधला तुकडा, समाजमंदिराचं पटांगण, अशा जागा निघतात.

एक दोष मात्र आहे, आणि कौतुकाच्या भरात तो कुणी सांगत नाही. या छोट्या मैदानावर तयार झालेला खेळाडू अकराच्या खेळात गेला की गोंधळतो. ऑफसाइडची सवय नाही, हेडिंग येत नाही, चाळीस मीटरचा पास पाहिलेला नाही, आणि सात मिनिटांवर दमसास बेतलेला. लीगच्या क्लबात तो पहिल्याच आठवड्यात ‘अरे, मान वर करून पाहत जा’ म्हणून शिव्या खातो. दोन्ही खेळांना आपण फुटबॉलच म्हणतो, पण या शिडीवरून त्या शिडीवर उडी मारता येतेच असं नाही.

कर्णधार

अखिलेशने आपला भूतकाळ स्वतः सांगितला आहे. २०१४ मध्ये आमिर खान यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात तो देशासमोर बोलला. गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला मुलगा होतो, हे त्याने लपवलं नाही. तो भूतकाळ इथे परत उगाळण्यात मला रस नाही. वर्गात पोरांचे डोळे त्याच भागात चमकतात, तेव्हा मी मुद्दाम पुढे सरकतो. बारसे सरांच्या मैदानावर तो आला, टिकला आणि सप्टेंबर २०१० मध्ये रिओला भारताचा कर्णधार म्हणून उतरला. स्पर्धा कोपाकबानाच्या किनाऱ्यावर होती. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही चषक ब्राझीलने घरीच ठेवले.

अशा संघात निवड होणं आणि प्रत्यक्ष विमानात बसणं यांत मोठी खाई आहे, आणि ती कुठल्याही वस्तीतल्या खेळाडूला लागू आहे. तिचं नाव पासपोर्ट. जन्माचा दाखला एका तारखेचा, शाळेचा दुसऱ्याच. पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवायचं घरच अतिक्रमणात मोडतं. मग पोलिस पडताळणी. हवालदार गल्लीत येऊन नाव विचारतो तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी राहते, कारण आजवर तो कुणाच्या भल्यासाठी आलेला नसतो. कुणावर खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी आणा. निवडचाचणीत खेळाडू पायाने पास होतो, इथे त्याच्या घरच्यांची परीक्षा असते. क्रीडाशिक्षकाला फॉर्म भरता आला पाहिजे, हे मी विद्यार्थ्यांना ड्रिब्लिंगच्या आधी सांगतो.

आता तो नियम, ज्याच्यासाठी मी हे प्रकरण निवडलं. होमलेस वर्ल्ड कपमध्ये कुणालाही आयुष्यात एकदाच खेळता येतं. वयाची सोळा पूर्ण हवीत, आणि यापूर्वी खेळलेला नको.

सचिनला सहा विश्वचषक मिळाले. पहिला १९९२ चा, आणि हाती चषक आला तो सहाव्यात, २०११ मध्ये. इथे सगळी आंतरराष्ट्रीय कारकीर्द आठवड्याभराची. आज कर्णधार आणि पुढच्या आठवड्यात माजी कर्णधार, तेही वयाच्या अशा टप्प्यावर जेव्हा इतर खेळाडूंची नुसती सुरुवात होत असते. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण नियम करणाऱ्यांना खेळाडू घडवायचेच नव्हते. त्यांना माणूस एकदा त्या उजेडात उभा करायचा होता आणि मग जागा पुढच्यासाठी मोकळी करायची होती. म्हणजे ‘परत आल्यावर काय?’ हा प्रश्न अपघाताने आलेला नाही, त्या स्पर्धेच्या पोटातच तो आहे.

अखिलेश परत आला आणि प्रशिक्षक झाला. वस्तीतल्या पोरांना शिकवू लागला. कारकिर्दीचा खरा लांब पल्ला तो.

पहिली तारीख

हे वाक्य लिहायला सोपं आहे, म्हणून जरा थांबतो.

प्रशिक्षक होणं म्हणजे काय, ते पोटाच्या बाजूने पाहू. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांवर आणि त्यांच्या प्रमाणपत्रांवर चालतं. होमलेस वर्ल्ड कप फिफाच्या किंवा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या उतरंडीतला नाही. रेल्वे, पोलिस यांचे संघ खेळाडू घेतात, पण ते लीगमधून, अकराच्या खेळातून. राहिला प्रशिक्षकाचा परवाना. महासंघाचा ‘डी’, त्यावर आशियाई महासंघाचे ‘सी’, ‘बी’, ‘ए’. प्रत्येकाला फी, प्रत्येकाला रजा, आणि अर्धवट शाळा सुटलेल्याला छातीत धडकी भरवणारा वर्ग. छातीवर देशाचं नाव लावून आलेला मुलगा बाजारात उभा राहिला की त्याची किंमत अशी होते. घरच्यांनी पहिल्या तारखेला पैसे मागितले तर रिओचा फोटो दाखवून भागत नाही.

स्लम सॉकरने इथे जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं: माजी खेळाडूंनाच कामावर घेतलं. बारसे सरांचा मुलगा अभिजीत अमेरिकेतून परत येऊन या कामात उतरला, तेव्हापासून कामाला नीट चौकट आली. फुटबॉलमधून गणित-इंग्रजी शिकवणारा ‘एज्युकिक’, मुलींसाठी ‘शक्ती’. पंच न ठेवता खेळायची पद्धतही त्यांनी घेतली: सामन्याआधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग परत बसून कोण नीट वागलं यावर एकमेकांना गुण देतात. म्हणजे सामना तीन डावांचा, त्यांतला मधलाच फक्त पायाचा. २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड या संस्थेला मिळाला. नागपूरच्या किती क्रीडाशिक्षकांना हे माहीत आहे, हे मी विचारायचं सोडलं आहे.

नळ सुटायची वेळ

वस्तीतला खेळाडूच प्रशिक्षक का हवा, हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. तोंडावर आपटून शिकलो.

शाळेशेजारच्या तुकड्यावर मी बरीच वर्षं संध्याकाळचा सराव घ्यायचो. पाचला शिट्टी. मुलगे यायचे, मुली यायच्या नाहीत. दोन-चार यायच्या, त्याही आठवड्याने गळायच्या. मी पालकांना दोष देत राहिलो. मुलींना खेळू द्यायचं नाही, जुने विचार, वगैरे. पालकसभेत भाषणही ठोकलं. एका आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘हो सर’ म्हणाली. मुलगी दुसऱ्या दिवशीही आली नाही.

मग त्याच वस्तीतला एक मुलगा सरावाला मदत करायला येऊ लागला. लीगच्या एका क्लबात लेफ्ट बॅक खेळायचा, गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि खेळ सुटला. पोरं त्याला दादा म्हणतात, मीही इथे तेवढंच म्हणतो. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, ‘‘सर, पाचले नळ येते ना.’’

एवढंच. पाचला नळ सुटतो, सहापर्यंत चालतो, आणि घरातलं पाणी भरायचं काम मुलींचं. मी इतकी वर्षं त्या गल्लीतून स्कूटर काढली होती, नळावरच्या हंड्या-गुंडांची रांग पाहिली होती, हॉर्नही वाजवला होता. सराव सव्वासहाला नेला. मुली आल्या. काहींच्या कडेवर लहान भाऊ असतो, त्याला कठड्यापाशी बसवून त्या खेळतात आणि मधेच जाऊन त्याचं नाक पुसतात. दादाने त्यालाही नियमात बसवलं: बाळ रडलं तर खेळ थांबेल, चेंडू ज्याचा होता त्याचाच राहील. हा नियम कुठल्याही महासंघाच्या पुस्तकात सापडणार नाही.

त्याची एक कसरत मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवायला नेतो. आठ पोरांचं रिंगण. दादा ओरडतो, ‘‘सात!’’ पहिला पास देताना मुलगा म्हणतो सात, दुसरा चौदा, तिसरी एकवीस. चुकलं की आत जाऊन चेंडू हिसकावायचा. पाढे चुकणाऱ्याला आत जायची लाज नाही, कारण आत पळायला मिळतं. म्हणून काही वस्ताद मुद्दाम चुकतात. दादाला ते कळतं. मग तो त्या पोराला तेराचा पाढा देतो.

सगळं गोड चाललंय असं मात्र नाही. आमची माती काळी. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की घोटा आत जाईल, आणि पारा ४५ च्या वर असतो तेव्हा सराव सकाळी साडेपाचलाच करावा लागतो. पावसाळ्यात तीच माती पायाला गोळे होऊन चिकटते. अनवाणी खेळणारी पोरं बूटवाल्यांपेक्षा जोरात पळतात, हे एक बरं. आणि तुकडा आमचा नाही. लग्नसराईत मांडव पडतो. मांडववाले जातात, खड्डे राहतात, आणि खड्ड्यात खिळे. ज्या कार्यालयाकडे तक्रार द्यायची तिथे मला सांगितलं गेलं की कागदावर ते क्रीडांगणच नाही, त्यामुळे खड्ड्यांचा प्रश्न उद्भवत नाही. त्या दिवसापासून सराव सुरू व्हायच्या आधी एक मुलगा लोहचुंबक दोरीला बांधून मैदानभर ओढत फिरतो. हे काम पोरांना फार आवडतं, त्याच्यासाठी नंबर लागतात.

दादाचा पगार कुठल्याच खात्यात बसत नाही. शाळा देऊ शकत नाही. तो एका गोदामात रात्रपाळी करतो, आठला हजेरी. एमआयडीसीपर्यंत सायकल म्हणजे सव्वासातला निघावंच लागतं. सराव सव्वासहाला सुरू होत असल्याने त्याच्या वाट्याला तासच येतो. वेळ बदलली ती मुलींसाठी, आणि भुर्दंड पडला त्याला. हे मला फार उशिरा लक्षात आलं. त्याने बोलून दाखवलं नव्हतं.

मागच्या तुकडीत मी विद्यार्थ्यांना कागद दिला होता. एक तुकडा जागा, सहा बॉल, चाळीस पोरं आणि पुन्हा कधीच न खेळू शकणारा एक कर्णधार: पहिल्या सहा महिन्यांचा आराखडा लिहा. बहुतेकांनी निवडचाचणी, स्पर्धा, उद्घाटनाला पाहुणे असं लिहिलं. एकाने तर संघाची जर्सीही काढली, रंगीत पेनाने. एका मुलीने बाकी सगळं सोडून पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘कर्णधाराला पैसे कोण देणार ते आधी ठरवणे.’ तिला मी मैदानावर घेऊन गेलो.

त्या दिवशी सव्वासात झाले आणि दादा सायकलकडे वळला. जाताना गळ्यातली शिट्टी काढून त्याने दहावीतल्या एका मुलीच्या हातात दिली. ती सुरुवातीपासूनची, नळ उरकून येणाऱ्यांपैकी. मोठी पोरं हसली. ‘‘हे आता आमाले शिकवन?’’ एकजण म्हणाला. तिने उत्तर दिलं नाही. शिट्टी ओढणीच्या टोकाला बांधली, शंकूंऐवजी खुणेला मांडलेल्या चपला त्यालाच गोळा करायला लावल्या, आणि बाकीच्यांना रिंगणात उभं करून म्हणाली, ‘‘नऊ.’’